न्यू जर्सीत नव्याने आलात? मुलांच्या शाळेची सप्टेंबरआधीची तयारी

जून-जुलैत पुण्या-मुंबईहून न्यू जर्सीत उतरणाऱ्या मराठी आईवडिलांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. चांगली शाळा कोणती, डोनेशन किती, मुलाची मुलाखत घेतात का? उत्तरं लगेच देऊन टाकते. सरकारी शाळेला फी नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही. आणि शाळा तुम्ही निवडत नाही. तुम्ही घर निवडता, शाळा त्या घराबरोबर येते. त्यामुळे इथे धावपळ होते ती कागद योग्य क्रमाने जमवताना. त्यातही घराचा कागद आणि लसींचा कागद हे दोन खरे महत्त्वाचे. बाकीचे मागाहून दिले तरी निभावतं.

आधी डिस्ट्रिक्ट समजून घ्या

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे ठरावीक हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. अमेरिकेत असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत, आणि एवढ्याशा न्यू जर्सीत त्यातले सहाशेच्या आसपास. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं स्वतःचं बोर्ड, स्वतःचा सुपरिंटेंडंट, स्वतःचं कॅलेंडर आणि स्वतःचे फॉर्म. खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीतून येतो. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी ती पट्टी भाड्यात धरलेलीच असते, तेव्हा आपण फुकट शिकवतोय असा संकोच बाळगू नका.

याचा व्यवहारातला अर्थ असा की फ्रीमाँटच्या मावसभावाने किंवा अटलांटाच्या मैत्रिणीने सांगितलेलं जसंच्या तसं धरायचं नाही. जॉर्जिया, टेक्सास, कॅलिफोर्नियात शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात. न्यू जर्सीत त्या लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आगेमागे उघडतात आणि जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. वर्षाचे किमान १८० दिवस शाळा भरायला हवी. जुलैच्या अखेरीस आलात तर न्यू जर्सीत हातात महिनाभर असतो. तेवढाच उशीर जॉर्जियात केलात तर मूल वर्ग सुरू झाल्यावर पोहोचतं.

घर बघताना शाळेची हद्द बघा

टपालाच्या पत्त्यावरचं गावाचं नाव आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ही एकच गोष्ट नाही, आणि नवखे नेमके इथेच फसतात. ओक ट्री रोडचंच बघा. किराणा आणायला आपण सगळे तिथे जातो, पण त्या रस्त्याचा एक भाग एडिसनमध्ये आणि दुसरा इझलिनमध्ये. इझलिनची मुलं वुडब्रिज टाउनशिपच्या शाळांत जातात. तसंच पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेलं असूनही घर प्लेन्सबरोत असू शकतं, आणि मग शाळा वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टची. मनमथ जंक्शन आणि केंडल पार्क ही गावं साउथ ब्रन्सविक टाउनशिपमध्ये येतात.

एकाच डिस्ट्रिक्टमध्येही घरागणिक शाळा बदलते. एडिसनमध्ये दोन हायस्कूलं आहेत, एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स. तुम्ही कुठल्या बाजूला राहता यावर मूल कुठे जाणार ते ठरतं. म्हणून लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घरनंबरासकट पत्ता सांगा आणि कुठली शाळा लागेल ते विचारा. घर दाखवणाऱ्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका, तो हद्दीबद्दल बांधील नसतो. जवळच्या शाळेत जागा भरल्या असतील तर मुलाला त्याच डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात, तेव्हा तेही विचारून ठेवा.

वेबसाइटवर शाळांना दहापैकी गुण दिलेले असतात. आठ गुणांची शाळा सोडून नऊवाल्या शाळेसाठी महिन्याला चारशे डॉलर जास्त भाडं देणारी घरं मी पाहिली आहेत. त्या गुणांत परीक्षेच्या निकालांचा वाटा मोठा असतो, आणि हे निकाल त्या वस्तीतल्या आईवडिलांच्या शिक्षणाबद्दल शाळेइतकंच सांगतात. माझं मत विचाराल तर त्या पैशात घराजवळ, चालत जाण्याजोगी शाळा मिळत असेल तर ती घ्या.

एक इशारा. मित्राच्या घराचा पत्ता देऊन मूल दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये घालण्याची कल्पना कुणीतरी सुचवेलच. डिस्ट्रिक्ट राहण्याची चौकशी करतं, आणि पत्ता खोटा निघाला तर झालेल्या दिवसांची फी वसूल करू शकतं. खरोखरच नातेवाइकाकडे राहत असाल तर मात्र लपवण्यासारखं काही नाही. त्यासाठी घरमालकाने शपथेवर लिहून द्यायचा वेगळा फॉर्म असतो. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घरात असाल तर तसंच सांगा आणि काय चालेल ते रजिस्ट्रारला, म्हणजे शाळेची नोंदणी करणाऱ्याला, विचारा.

भारत सोडण्याआधीची फाइल

पासपोर्टची मूळ प्रत आणि जन्माचा दाखला. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या शिक्क्यासह. शाळा सोडल्याचा दाखला इथे फारसा कुणी मागत नाही, तरी काढून ठेवा, कारण परत गेलात तर तिकडची शाळा तो मागितल्याशिवाय राहणार नाही.

मूल नववीत किंवा त्यापुढे असेल तर फाइल जाड करा. इथे नववी ते बारावीचं शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट लागतात आणि भारतातल्या विषयांना किती क्रेडिट द्यायचे ते शाळेचा गाइडन्स काउन्सेलर ठरवतो. त्याच्यापुढे नुसते ‘गणित ८७’ ठेवून भागत नाही. त्या वर्षी बीजगणित आणि भूमितीत काय काय शिकवलं, त्याची अनुक्रमणिका किंवा अभ्यासक्रमाची पानं इंग्रजीत सोबत ठेवा. नाहीतर मुलाला आधी झालेलंच गणित वर्षभर पुन्हा करावं लागतं.

नावाबद्दलही सांगते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे दोन्ही भावंडांचं मधलं नाव एकच निघतं आणि ऑफिसातली बाई क्षणभर गोंधळते. गोंधळू दे. फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षरन् अक्षर तसंच लिहा.

लसी: सर्वांत जास्त वेळ इथेच जातो

प्रवेश अडकतो तो बहुतेकदा नर्सच्या टेबलावर. मूल भारतात सगळं टोचून आलेलं असतं, आई छातीठोकपणे सांगते, आणि तरी नर्स म्हणते, अपुरं आहे. ती अडवणूक करत नसते. दोन्ही देशांची वेळापत्रकं वेगळी आहेत आणि फरक कुठे पडतो ते ठाऊक असलं की अर्धं काम निघायच्या आधीच होतं.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीपासून सुरू करू. भारतात पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस धरतच नाहीत. म्हणजे तुमच्या कार्डावर दोन डोस असले, नऊ आणि पंधरा महिन्यांचे, तर इथे तो एकच. न्यू जर्सीत शाळेसाठी गोवराचे दोन लागतात. शिवाय सरकारी दवाखान्यात मिळते ती लस गोवर आणि रुबेलाची, तिच्यात गालगुंड नाही. तेव्हा कार्डावर ‘एमआर’ आहे की ‘एमएमआर’ ते नीट बघा.

कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाही. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुलांना ती सहसा दिलेली असते, बाकीच्यांना नाही. इथे ती हवीच, आणि तीही पहिल्या वाढदिवसानंतरची.

पोलिओचा घोळ सर्वांत मोठा. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जाऊन घेतलेले थेंब आपण अभिमानाने मोजतो. पण एप्रिल २०१६ पासून भारतात थेंबांची लस द्विगुणी झाली, म्हणजे पोलिओच्या तीनऐवजी दोनच प्रकारांवरची, आणि त्या तारखेनंतरचे थेंब अमेरिकेत हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे इंजेक्शनच्या पोलिओचे डोस किती आणि कधी झाले ते वेगळं लिहून घ्या. त्रिगुणीचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या डीपीटीचे, चार डोस झालेले असावेत आणि त्यातला एक तरी चौथ्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेला असावा. नाहीतर एकूण पाच. पाच वर्षांचा बूस्टर भारतात राहून गेला असेल तर निघण्याआधी तिथेच घेऊन टाका, स्वस्त पडेल. काविळीच्या ब प्रकाराचे तीन डोस लागतात. सहावीत जाणाऱ्या, अकरा वर्षांपुढच्या मुलांना आणखी दोन लसी आहेत, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा बूस्टर) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वरावरची). भारतात त्या वयाला हे सहसा कुणी देत नाही, म्हणून त्या इथेच घ्याव्या लागतील असं धरून चाला.

आता तारखा. कार्डावर ०५/०८/२०१९ असं लिहिलं असेल तर आपण ते पाच ऑगस्ट वाचतो, इथली नर्स आठ मे वाचते. मग एक डोस वाढदिवसाआधीचा ठरतो किंवा दोन डोसमधलं अंतर कमी भरतं आणि सुदृढ मुलाला पुन्हा टोचतात. उपाय अगदी साधा आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत यादी टाइप करून घ्या, महिना अक्षरांत, खाली सही आणि शिक्का. कंपनीचं ब्रँडनाव लिहिलं असेल तर त्यापुढे लस कशाची तेही लिहायला सांगा. स्टिकर चिकटवलेलं जुनं कार्ड सोबत आणाच, पण दाखवायला हा कागद पुढे करा.

क्षयाची चाचणी हा आणखी एक टप्पा. भारतातून आलेल्या मुलांना ती बहुधा करायला सांगतात. हातावरच्या मँटू चाचणीत बीसीजी घेतलेल्या मुलाचा फोड कधीकधी मोठा येतो, मग छातीचा एक्स-रे आणि सगळं पुढचं रामायण. त्याऐवजी रक्ताची चाचणी होते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांना तीच करायला सांगा. आणि क्रम सांभाळा: गोवराची लस घेतली तर क्षयाची चाचणी त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. ऑगस्टच्या मध्यावर हे लक्षात आलं तर सप्टेंबर हातचा जातो. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी देता येते. वेगवेगळ्या दिवशी द्यायच्या असतील तर मध्ये २८ दिवस हवेत.

याखेरीज डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म लागतो. न्यू जर्सीत त्याला युनिव्हर्सल चाइल्ड हेल्थ रेकॉर्ड म्हणतात आणि तपासणी मागच्या ३६५ दिवसांतली चालते. अडचण अशी की नव्या पेशंटला बालरोगतज्ज्ञाची वेळ दोन-तीन आठवड्यांनी मिळते. म्हणून नोकरीचा विमा ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी फोन करा, शाळेची नोंदणी व्हायची वाट पाहू नका. विमा अजून नसेल तर काउंटीच्या आरोग्य खात्याकडे चौकशी करा. विमा नसलेल्या मुलांना लसी देण्याची केंद्र सरकारची योजना १९९४ पासून चालू आहे.

सगळं करूनही काही राहिलं तर घाबरू नका. परदेशातून आलेल्या मुलाचे लसींचे कागद यायचे असतील तर न्यू जर्सीत ३० दिवसांची सवलत देता येते, आणि प्रत्येक लसीचा एक तरी डोस झालेला असेल तर उरलेले पुरे होईपर्यंत तात्पुरता प्रवेश मिळतो. नर्सशी नम्रपणे आणि लेखी बोला, पुढच्या डोसची तारीख ठरवून तिला कळवा.

नोंदणी

फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि मग कागद अपलोड करायचे किंवा वेळ घेऊन ऑफिसात जायचं. राहण्याच्या पुराव्याला लीज आणि त्या पत्त्यावरची दोन-तीन पत्रं किंवा बिलं लागतात: वीज, बँक, विमा. आल्या आल्या वीज आपल्या नावावर करून घ्या, पहिलं बिल यायला वेळ लागतो. एकच ठरावीक कागद नाही म्हणून न्यू जर्सीत प्रवेश अडवता येत नाही, तेव्हा एखादा नसेल तर त्याऐवजी दुसरा काय चालेल ते विचारा.

व्हिसाची काळजी नको. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही. पासपोर्ट दाखवायचा तो वयाचा पुरावा म्हणून. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावरच्या मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, तो रकाना रिकामा सोडा.

इयत्ता वयावर ठरते. किंडरगार्टन म्हणजे साधारण आपला सीनियर केजी. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत, कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, तर न्यू यॉर्क शहरात ३१ डिसेंबरपर्यंतची मुलं त्याच वर्षी घेतात. मार्चमध्ये भारतात दुसरी संपवलेलं मूल सप्टेंबरमध्ये तिसरीत जाईल अशी अपेक्षा ठेवा. वयाच्या चौकटीमुळे कधी एक वर्ष मागे यावं लागतं. त्यावर भांडणारे पालक असतात. प्राथमिक शाळेत तरी त्यात काही गमावत नाही, असं मला वाटतं.

मग येतो भाषेचा फॉर्म. घरी कोणती भाषा बोलता? मूल आधी कोणती भाषा शिकलं? काहीजण घाबरून सगळीकडे ‘इंग्लिश’ लिहितात, कारण ‘मराठी’ लिहिलं की मुलाला कच्च्या वर्गात घालतील अशी दंतकथा आहे. खरं काय ते लिहा. मराठी लिहिल्यावर मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. पास झालं तर विषय संपला. नाही झालं तर त्याला इंग्रजीसाठी वेगळ्या शिक्षकाची मदत मिळते, बाकीचा वेळ ते इतर मुलांबरोबरच असतं, आणि दर वर्षी पुन्हा चाचणी होऊन ते त्यातून बाहेर पडतं. पुण्याच्या इंग्रजी माध्यमातली मुलं वाचण्या-लिहिण्यात तयार असतात, पण अमेरिकन उच्चार ऐकताना पहिले काही आठवडे चाचपडतात. त्या काळात ही मदत लाखमोलाची असते.

मुलाला शिकण्यात, बोलण्यात किंवा वागण्यात विशेष मदत लागत असेल तर ते लपवू नका. १९७५ पासूनच्या कायद्याने अशा मुलांना योग्य शिक्षण देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते मिळतं. भारतातले तपासणीचे अहवाल द्या आणि मूल्यमापनाची मागणी लेखी करा. न्यू जर्सीत मागणी पोहोचल्यापासून २० दिवसांत डिस्ट्रिक्टला तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. तोंडी बोलण्याने हे घड्याळ सुरू होत नाही.

ऑगस्टच्या शेवटी

पालकांच्या पोर्टलचा पासवर्ड येईल. न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी जेनेसिस वापरतात. शिक्षकाचं नाव, वर्ग आणि बसचा नंबर बऱ्याचदा तिथेच कळतो, कधी शाळा उघडायला आठवडा उरलेला असताना. वाट बघा, रोज फोन करू नका.

बस सर्वांना मिळत नाही. कायद्याने आठवीपर्यंत दोन मैलांपेक्षा आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब राहणाऱ्यांना ती मोफत आहे. त्याच्या आत राहणाऱ्यांनी चालत जायचं, सोडायचं, किंवा डिस्ट्रिक्ट देत असेल तर पैसे भरून जागा घ्यायची. लहान मुलांना थांब्यावर घ्यायला मोठं माणूस हजर नसेल तर बसवाला त्यांना उतरवत नाही, परत शाळेत नेतो. आणि गाडी चालवायला लागलात की हे आजच शिका: पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकत असले की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी किमान २५ फुटांवर थांबायचं.

सामानाची यादी शाळा देते. पुस्तकं शाळेची असतात. गणवेश बहुतेक ठिकाणी नाही.

डब्याबद्दल मात्र दोन गोष्टी. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे गंभीरपणे घेतात, काही वर्गांत शेंगदाणे आणि सुकामेवा अजिबात चालत नाहीत. म्हणजे दाण्याचं कूट घातलेली खिचडी, चिवडा, लाडू देण्याआधी शिक्षिकेला विचारा आणि डबा वाटून खायचा नाही हे मुलाला समजावा. आपल्याकडे ‘सगळ्यांना दे’ असं शिकवलेलं असतं, त्यामुळे हे जड जातं. दुसरं, डबा गरम करून मिळत नाही आणि जेवायला वीस-पंचवीस मिनिटंच असतात. पोळीचा रोल, थर्मासमधला भात, असं सोपं द्या. शाळेत जेवणही मिळतं आणि उत्पन्न कमी असल्यास सवलतीचा अर्ज करता येतो.

दप्तरात औषध ठेवायचं नाही. खोकल्याची गोळी नाही, क्रोसिन नाही, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्याही नाहीत. दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांचा लेखी आदेश नर्सकडे द्या.

आणीबाणीच्या संपर्काच्या यादीत तुमच्याशिवाय निदान दोघांची नावं लागतात, जे ओळखपत्र दाखवून मुलाला घेऊन जाऊ शकतील. नवख्या कुटुंबाला हे अवघड वाटतं, कारण ओळखीचं कुणी नसतं. शेजारी किंवा नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी, विचारून बघा. रविवारच्या मराठी शाळेत किंवा ‘मराठी विश्व’ या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखी होतात, पण तोवर कुणीतरी हवं. बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा उघडते किंवा दुपारीच सोडून देते, तेव्हा हीच नावं कामी येतात.

सप्टेंबरमध्ये ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. ती पालकांसाठी आहे. शिक्षिका वर्षभराचा आराखडा सांगते. तिथे आपल्या मुलाबद्दल वैयक्तिक प्रश्न विचारायचे नसतात, त्यासाठी पुढे वेगळी भेट मिळते.

आणि डिसेंबरचं भारताचं तिकीट. नाताळची सुट्टी दहा दिवसांच्या आसपास असते, आपल्याला महिना हवा असतो. वर्षाच्या दहा टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, गैरहजर राहिलेलं मूल सतत गैरहजर म्हणून नोंदलं जातं आणि शाळेकडून पत्रं यायला लागतात. सहलीची रजा मंजूर रजेत धरत नाहीत. धार्मिक सणाची मात्र धरतात आणि दिवाळी राज्याच्या त्या यादीत आहे. एडिसनसारख्या काही डिस्ट्रिक्टमध्ये तर दिवाळीला शाळाच बंद असते. तेव्हा डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर ऑगस्टमध्येच छापून फ्रिजवर लावा आणि तिकीट त्याच्याकडे बघून काढा. लग्नाची तारीख तिकडे आधीच ठरली असेल तर शिक्षिकेला आणि ऑफिसला महिनाभर आधी लिहून कळवा, बुडालेला अभ्यास मागून घ्या, आणि फेब्रुवारीत पुन्हा सुट्टी मागावी लागणार नाही एवढं बघा.